मोठ्या माणसांना आहार शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणवाडी सेविका, आशाताई, बचत गटांच्या सीआरपी (गटांना मार्गदर्शन करणाऱ्या समुदाय साधन व्यक्ती), दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ, अशा सगळ्यांना पोषणाची सत्रं घ्यावी लागतात. काय सांगायचं याचं प्रशिक्षण बहुतेकींना मिळतं. मोठ्या माणसांना शिकवायचं कसं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. प्रशिक्षणांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांची लांबी सारखी नाही, कारण प्रश्नांचं वजनही सारखं नाही.

मोठ्यांना शिकवणं आणि शाळेतल्या मुलांना शिकवणं, यात एवढा फरक काय?

समोर बसलेली बाई कित्येक वर्षं रोज दोन वेळचं रांधते आहे. स्वयंपाकाबाबत ती तुमच्यापेक्षा जास्त जाणते, आणि हे तिलाही माहीत आहे. शाळकरी मुलाला "पालेभाजीत लोह असतं" एवढं सांगितलं की ते वहीत लिहून घेतं. बाईच्या मनात लगेच दुसरे प्रश्न उभे राहतात : जुडी आज काय भावाने आहे, निवडायला वेळ कुणाला आहे, आणि घरात मेथी खातं कोण?

माल्कम नोल्स या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९७०च्या दशकात प्रौढ शिक्षणाची जी मांडणी लोकप्रिय केली, तिचं सार हेच आहे. मोठं माणूस अनुभवाची शिदोरी घेऊन येतं, त्याला उद्या उपयोगी पडेल असं काही हवं असतं, आणि कुणी आपल्याला विद्यार्थी समजलेलं त्याला खपत नाही. म्हणून सत्राची सुरुवात तक्त्याने करू नका, विचारपूस करा. "काल रात्री घरात काय शिजलं होतं? तुमच्या ताटात त्यातलं काय आलं?" यातला दुसरा प्रश्न विसरू नका. घरात आमटी शिजलेली असते, पण शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला पातेल्याच्या तळाचं पाणीच येतं, हे त्याच प्रश्नातून कळतं.

काही लोक बघून शिकतात, काही ऐकून, काही करून. गट पाडताना प्रत्येकीची "शिकण्याची शैली" आधी तपासायची का?

नाही. हे स्पष्टच सांगायला हवं, कारण प्रशिक्षणांच्या पुस्तिकांमध्ये हा विषय अजूनही ठाण मांडून बसलेला असतो. दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती अशी चौकट नील फ्लेमिंग यांनी १९९२च्या सुमारास पुढे आणली. कुणाला काय आवडतं, हे त्यातून कळू शकतं. पण ज्याच्या-त्याच्या शैलीप्रमाणे शिकवलं तर तो अधिक शिकतो, या दाव्याला पुरेसा आधार मिळत नाही. २००८ साली हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा हेच निघालं.

आपल्या कामात या शिक्क्यांचा आणखी एक तोटा होतो. "या बायका काही वाचणाऱ्या नाहीत, त्या करून शिकणाऱ्या" असं एकदा ठरवलं की त्यांना पाकिटावरचं लेबल कधी दाखवलंच जात नाही. खरं तर बिस्किटाचा पुडा विकत घेणाऱ्या त्याच असतात.

मग गाणी, चित्रं, प्रात्यक्षिकं हे सगळं सोडून द्यायचं?

अजिबात नाही. फक्त पद्धत ठरवताना माणसापेक्षा मुद्द्याकडे बघा. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाचा वरचा आहार किती घट्ट असावा, हे कितीही रसाळ भाषेत सांगितलं तरी पोचत नाही. दोन वाट्या घ्या. एकीत पेजेचं किंवा डाळीचं वरचं पाणी, दुसरीत मऊ भात-वरण कुस्करून त्यावर चमचाभर तेल किंवा तूप. प्रत्येकीला चमचा तिरका करायला लावा. पाणी ओघळतं, कुस्करलेला भात चमच्यावर राहतो. बाळाचं पोट केवढं असतं ते मूठ दाखवून सांगा आणि विचारा, "एवढ्याशा जागेत काय भरायचं?" इथे सगळ्यांनाच बघावं लागतं, हात लावावा लागतो, शैलीचा संबंधच येत नाही.

लोहाची गोळी कधी आणि कशासोबत घ्यायची, हा क्रमाचा मुद्दा आहे. तो दिवसाच्या वेळापत्रकात बसवून सांगावा लागतो : सकाळचा चहा, शेताकडे जाणं, दुपारची भाकरी, संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण. गोळी कुठे बसते ते तिनेच ठरवायचं. चहा आणि गोळी यांत निदान तासाभराचं अंतर हवं, कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर नको, आणि लिंबू पिळलेलं जेवण सोबतीला असलं तर उत्तम. शौचाला काळसर होईल, हे आधीच सांगून टाका. न सांगितल्यामुळे घाबरून गोळ्या फडताळात ठेवून देणाऱ्या बाया गावोगाव भेटतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आढळला, तेव्हा ही बारीकसारीक गोष्ट नव्हे.

आमच्या गटातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नाही. त्यांना कितपत झेपेल?

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. तिथल्या गावांमधून ज्या आरोग्य कार्यकर्त्या तयार झाल्या त्यांतल्या कितीतरी जणींनी शाळा पाहिलेली नव्हती. बाळंतपणं, बालकांची वजनं, कुपोषण हे सगळं त्या शिकल्या आणि पुढे इतरांना शिकवू लागल्या. तेव्हा झेपण्याची चिंता सोडा. वाचता येत नाही म्हणजे शिकता येत नाही, असं नव्हे.

चिंता करायचीच तर चित्रांची करा. चित्र सगळ्यांना कळतं असं आपण गृहीत धरतो, पण चित्र वाचणं हीसुद्धा शिकावी लागणारी गोष्ट आहे. बाण, फुली, कापून दाखवलेलं पोट, भिंगाखाली मोठा केलेला जंत या खुणा पुस्तकं हाताळलेल्या माणसाच्या आहेत. हत्तीएवढा जंत बघून "आमच्याकडे असले नसतात" असं कुणी म्हणालं तर दोष चित्राचा. अन्नाचा पिरॅमिड, म्हणजे कोणतं अन्न किती खावं हे दाखवणारा त्रिकोणी तक्ता, तर मला कधीच पटलेला नाही. आपण जेवतो ताटात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही आता ताटाचंच चित्र दिलं आहे. तुमच्या गावातल्या खऱ्या ताटाचा, खऱ्या वाटीचा फोटो काढून मोठा छापून घ्या. तो छापील तक्त्यापेक्षा उजवा ठरतो.

ग्रॅम आणि कॅलरी कशा समजावायच्या?

कॅलरी समजावूच नका, तिच्यावाचून कुणाचं अडत नाही. ग्रॅम मात्र किराण्याच्या हिशोबातून छान समजतात, कारण तो हिशोब मोठ्या माणसांच्या हाडीमाशी मुरलेला असतो.

मीठ घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. चार मोठी माणसं असलेल्या घरात दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी निदान ५० दिवस पुरायला हवी. आता विचारा, "तुमच्याकडे किती दिवसांत संपते?" गटात कुजबुज सुरू होते. लोणचं, पापड आणि फरसाण यांतलं मीठ वेगळंच, हे तुम्ही सांगण्याआधी कुणीतरी बोलून जातं.

तेलाचंही तसंच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या ताटासाठी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे, म्हणजे माणशी महिन्याला सुमारे ८०० ग्रॅम. एक लिटरच्या पिशवीत ९१० ग्रॅम तेल असतं. घरातली माणसं मोजा, महिन्याच्या पिशव्या मोजा. सणाच्या महिन्याचा हिशोब मात्र मागू नका, उगाच ओशाळतात.

त्याच ताटातले दिवसाला भाज्या ४०० ग्रॅम आणि फळं १०० ग्रॅम हे आकडे सांगितले की लोक हसतात, आणि बाजारभाव पाहता ते साहजिकच आहे. तिथे आकडा बाजूला ठेवून "आज आहे त्यापेक्षा एक वाटी जास्त" एवढंच ठरवावं. परसातला शेवगा, हादग्याची फुलं, पावसाळ्यातल्या टाकळा-कुर्डूसारख्या रानभाज्या यांची यादी गटाकडूनच काढून घ्या. ती तुमच्या यादीपेक्षा लांब निघेल.

जुन्या समजुतींचं काय करायचं? पपई, चीक, "गरोदरपणी कमी खा"...

सगळ्या समजुतींशी एकाच वेळी झुंजू नये. आधी तीन ढीग करा. काही समजुती उपकारक असतात, जशी बाळंतिणीला डिंक-अळिवाचे लाडू देण्याची. त्यांचं कौतुक करा. काही निरुपद्रवी असतात. पिकलेल्या पपईला गरोदरपणी घाबरायचं कारण नाही, पण त्यावरून वाद घालून तास घालवण्यापेक्षा "बरं, मग पेरू खा" म्हणा. पेरूत क जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि काम होण्याशी मतलब.

तिसरा ढीग धोक्याचा. बाळाला चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, न देता पिळून टाकणं, सहा महिन्यांच्या आत पाणी, मध किंवा गुटी पाजणं, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल म्हणून गरोदर बाईने पोटाला चिमटा काढणं. सगळा जोर इथे लावायचा. तोही "हे चुकीचं आहे" असं म्हणून लावायचा नाही. गोठा असलेल्या घरात विचारा, "वासराला चीक पाजला नाही तर काय होतं?" घरातली म्हातारी माणसंच सांगतात की वासरू रोडावतं, आजारी पडतं, दगावतं. मग थोडा वेळ गप्प बसा. पुढचं वाक्य त्यांनाच बोलू द्या.

सुनेला शिकवून काय उपयोग? घरात सासूचं चालतं.

बरोबर आहे, म्हणून सासूलाच बोलवा. गरोदर आणि स्तनदा मातांच्या बैठकीत फक्त माता बसवणं ही या कामातली सर्वांत मोठी उणीव आहे असं मला वाटतं. शिकते एक, डब्याची किल्ली दुसरीकडे, आणि बाजाराचे पैसे तिसऱ्याच्या खिशात. सुनेने घरी जाऊन "ताईंनी मला जास्त जेवायला सांगितलंय" असं कसं म्हणावं? तिने म्हटलं तरी ते आगाऊपणात जमा होणार.

सासूबाईंना श्रोता म्हणून बोलावू नका, मान देऊन बोलवा. "आत्याबाई, तुमच्या वेळी बाळंतिणीला काय काय द्यायचे? कोण करून घालायचं?" त्या खुलतात. बोलता बोलता आपल्या वेळच्या उपासमारीचंही सांगतात, आणि तिथून "सुनेच्या वेळी तसं नको" हे वाक्य बऱ्याचदा त्यांच्याच तोंडून येतं. पोषण अभियानात ओटीभरण आणि अन्नप्राशनाचे कार्यक्रम होतात. त्यांचा हाच फायदा आहे : घरातल्या ज्येष्ठ बायका आपणहून येतात. पण फोटोपुरता कार्यक्रम झाला तर नारळ-साडीवर गोष्ट संपते. अन्नप्राशनात बाळाला पहिला घास आजीच्या हातून द्या, आणि घासाचा घट्टपणाही तिलाच ठरवू द्या.

पुरुष येतच नाहीत.

अंगणवाडीत येणार नाहीत. सकाळी दूध संकलन केंद्रावर, संध्याकाळी पारावर किंवा ग्रामसभेत ते भेटतात. दहा मिनिटं पुरेत, आणि विषय खर्चाचा काढा. घरी नेण्याच्या पिशवीत वेफर्सच्या माळा असतात की शेंगदाणे आणि अंडी, हे पैसे देणाराच ठरवतो.

मेळघाटात, नंदुरबारला, गडचिरोलीत मराठी सत्र चालतं का?

माना डोलावल्या जातात, पण तेवढ्यावर सत्र चाललं असं समजू नये. कोरकू, भिली, माडिया बोलणाऱ्या आईला मराठीत सांगितलेली गोष्ट अर्धीच पोचते. अंगणवाडी मदतनीस बहुधा गावचीच असते. तिला दुभाषी करू नका, सत्र तिलाच घेऊ द्या. तुम्ही मागे बसा. दुसरी गोष्ट, तिथल्या अन्नाला नाव ठेवू नका. नाचणी, कोदो, कुटकी, मोह, मासे, खेकडे, रानातले कंद असा आहार एके काळी आपल्या वरणभातापेक्षा सकस होता. जंगल तुटत गेलं तसा तो आटला. "तुमच्या आजी काय खायच्या?" या प्रश्नाला तिथे जेवढी उत्तरं मिळतात तेवढी कुठेच मिळत नाहीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशाच विस्मरणात चाललेल्या गावठी वाणांचं बियाणं जपलं आणि त्यांना पद्मश्री मिळाली. पोषणाच्या सत्रात बियाण्याची पुडी वाटणं मला माहितीपत्रक वाटण्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं.

सत्र कधी आणि किती वेळ घ्यावं?

पेरणी, लावणी आणि काढणीच्या दिवसांत घेऊच नये. एरवी अर्धा-पाऊण तास, आणि एका वेळी एकच गोष्ट. बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारी जोडपी दसरा-दिवाळीच्या आसपास गाव सोडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. त्यांच्यासाठी सत्र निघण्याआधी घ्यायला हवं, आणि विषयही तसाच हवा. फडात पहाटेपासून कोयता चालवणाऱ्या आईने लेकराला कधी, काय भरवायचं? झोपडीत टिकेल असं काय न्यायचं? फुटाणे, शेंगदाणे, गूळ आणि भाजून दळलेलं पीठ घरूनच नेता येतं. रेशन कार्डावर दुसऱ्या ठिकाणीही धान्य मिळतं आणि मुक्कामाजवळच्या अंगणवाडीत मुलाचं नाव घालता येतं, ही माहिती त्यांना प्रथिनांच्या माहितीपेक्षा आधी द्या.

ओव्या, भारुड, कीर्तन वापरलं तर लोक गांभीर्याने घेतात का?

गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेल्या पिढीला हा प्रश्न पडला नसता. बाबा समोरच्या गर्दीला प्रश्न विचारत, उत्तर लोकांकडून काढून घेत, आणि त्या उत्तरावरच पुढचा प्रश्न रचत. प्रौढ शिक्षणाचा याहून चांगला नमुना परदेशी पुस्तकांत शोधायची गरज नाही. मात्र आपण बहुधा चाल उचलतो आणि प्रश्न विसरतो. "लोह घ्या गं, प्रथिनं घ्या गं" असं ओवीत कोंबलं की ती ओवी राहत नाही, परिपत्रक होतं. बायकांनाच रचू द्या. त्यात लोह हा शब्द नसेल, पण नवऱ्याला काढलेला चिमटा नक्की असेल, आणि तीच ओवी गावभर फिरेल.

व्हॉट्सॲपवर माहिती पाठवली तर चालेल?

आठवण द्यायला चालेल, शिकवायला नाही. लांब मजकुरापेक्षा एका मिनिटाचा आवाजी संदेश बरा, आणि तो गटातल्याच एखादीच्या आवाजात असेल तर ऐकला जातो. फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतो हे लक्षात ठेवून पाठवा. "हे पाणी प्या, शुगर पळवा" छापाचे संदेश गटावर येतीलच. ते खोडण्याऐवजी सत्रात मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा : हे कोण सांगतंय, आणि त्याला काय विकायचंय?

दवाखान्यात मधुमेहाचे वयस्क रुग्ण येतात. त्यांना तक्ता दिला तरी साखर तशीच.

"भात बंद, भाकरी चालेल" एवढं ऐकून ते चार भाकऱ्या खातात. ज्वारी चांगलीच, पण चार भाकऱ्या म्हणजे चार भाकऱ्या. टेबलावर रिकामं ताट, वाट्या आणि शिजवलेलं किंवा मातीचं नमुन्याचं अन्न ठेवा. "काका, रोज वाढून घेता तसं वाढा" म्हणा आणि मध्ये बोलू नका. मग त्याच ताटातलं काय कमी, काय जास्त करता येईल ते त्यांच्याच हाताने हलवू द्या. उपवासाचे दिवस विचारा, ते कुणी आपणहून सांगत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. खिचडीचं प्रमाण निम्मं करून दही, शेंगदाणे, काकडी वाढवता येते. गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना कडक उपवास धरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

अक्षर ठळक ठेवा, तोंड समोर करून बोला, आणि दातांची स्थिती बघा. कवळी न बसणाऱ्या आजोबांना कच्ची कोशिंबीर सांगून काय उपयोग? सोबत आलेली लेक किंवा सून खुर्चीच्या मागे उभी असते, तिलाही बसवा.

लोकांना समजलं की नाही, हे कसं कळायचं?

"समजलं का?" असं विचारलं की "हो" येतंच, ते सौजन्य असतं. त्याऐवजी म्हणा, "घरी गेल्यावर आत्याबाईंना हे कसं सांगाल? मलाच आत्याबाई समजा." सांगताना अडखळ झाली तर आपलं सांगणं कमी पडलं असं धरून पुन्हा समजवा. पुढच्या भेटीत "करता का?" असं न विचारता "काल सकाळपासून बाळाच्या पोटात काय काय गेलं?" असं विचारा. कालचा दिवस आठवून सांगताना बनवाबनवी कमी होते.

"ताई, सगळं खरं, पण पैसेच नाहीत." यावर काय बोलायचं?

ते खरं आहे हे आधी मान्य करायचं. पैशाची अडचण अज्ञान समजून तिच्यावर व्याख्यान देणं हा अपमान आहे. मग दोन गोष्टी तपासा. हक्काचं जे आहे ते मिळतंय का? अंगणवाडीचा आहार, रेशन, आणि आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतलं गरोदर-स्तनदा मातांचं एक वेळचं चौरस जेवण. मिळत नसेल तर त्या दिवशी सत्र बाजूला ठेवून अर्ज भरायला मदत करा. आणि आहे त्या पैशात काही अदलाबदल शक्य आहे का? लहान मुलाच्या हातात रोज जाणाऱ्या पाच-दहा रुपयांच्या पुड्यांचा आठवड्याचा हिशोब मांडा. त्यात अंडी किती येतात ते आईच मोजते. पुड्याच्या मागे घटकांची यादी असते. ज्याचं वजन सर्वांत जास्त तो घटक पहिला लिहावा लागतो. वाचता येणाऱ्या पाचवीतल्या मुलीला ती यादी मोठ्याने वाचायला सांगा.

पाककृती स्पर्धा ठेवावी का?

ठेवा, पण परीक्षकांनी चवीबरोबर खर्च आणि लागलेला वेळही विचारावा. काजू-बेदाण्यांनी सजवलेला नाचणीचा केक पहिला आला की बाकीच्या जणी पुढच्या वर्षी येत नाहीत.

सत्रात खायला द्यावं का?

द्यावं, शक्य असेल तर तिथेच शिजवून. सर्वांनी एकाच वेळी, एकाच पंगतीत खायचं. स्वयंपाक करणाऱ्या बाईला शेवटी बसवू नका, आणि भांडी कोण घासणार हे आधी ठरवा.